बुर्ज खलिफा: १२४ घ्यावं की १४८? कोणती वेळ? आईवडील आणि लेकरं सोबत आहेत

गोदाकाठ (परभणी)

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही सहा जण दुबईला निघालोत. देवगिरी एक्सप्रेसनं मुंबई आणि तिथून विमान. वडील ७१ वर्षांचे, गुडघे दुखतात. आईला उंचावरून खाली बघितलं की गरगरतं. लेकरं दोन, ९ आणि ३ वर्षांची.

टूरवाला म्हणतोय, "१४८ वा मजला घ्या, तिथून सगळं दिसतं, पामचं बेटसुद्धा." पॅकेजमध्ये नुसतं "बुर्ज खलिफा समाविष्ट" एवढंच लिहिलंय. मजला नाही, वेळ नाही. माझे प्रश्न असे: १४८ साठीचे जादा पैसे वसूल होतात का? सूर्यास्त बघायचा तर किती वाजताचं तिकीट घ्यायचं? म्हाताऱ्या माणसांना किती चालावं लागतं? आणि रात्री काचेतून फोटो काढले की त्यात आपलंच तोंड दिसतं म्हणतात, त्यावर इलाज काय?

---

बालाघाट

आधी पामचं बघू, कारण तिथंच बहुतेक जण फसतात. पाम जुमेरा, म्हणजे समुद्रात बांधलेलं खजुराच्या झाडाच्या आकाराचं बेट, बुर्ज खलिफापासून सरळ रेषेत सोळा-सतरा किलोमीटर लांब आहे. १२४ वा मजला जमिनीपासून ४५२ मीटरवर. एवढ्या अंतरावरची वस्तू एवढ्या उंचीवरून बघितली की नजर जेमतेम दीड अंश खाली झुकते. ताटातली भाकरी ताटाच्या कडेला डोळा लावून बघा. भाकरी गोल दिसत नाही, नुसती एक रेघ दिसते. पामची तशीच गत होते. समुद्रात काहीतरी पट्टा आहे एवढं कळतं. झाडाचा आकार, त्याची पानं काही कळत नाहीत. १४८ वर, म्हणजे ५५५ मीटरवर गेलं तरी कोन दोन अंशांच्या आतच राहतो.

झाड झाडासारखं बघायचं असेल तर पामवरच्याच पाम टॉवरमध्ये ५२ व्या मजल्यावर "द व्ह्यू ॲट द पाम" आहे, उंची २४० मीटर. बुर्जच्या १२४ च्या निम्म्याहून थोडी जास्त. पण पानं तिथून दोन-अडीच किलोमीटरच्या आत पसरलेली, त्यामुळे एकेक पान वेगळं मोजता येतं. नुसत्या उंचीनं आकार दिसत नाही, अंतरही जवळचं लागतं.

आता १४८ चं. उंचीवरून क्षितिज किती लांब दिसतं याचा सोपा हिशेब आहे: उंचीचं (मीटरमध्ये) वर्गमूळ काढा, ३.५७ नं गुणा, किलोमीटर येतात. १२४ वरून ७६, १४८ वरून ८४. कागदावर आठ किलोमीटरची भर. पण दुबईची हवा ७६ किलोमीटर दिसेल एवढी स्वच्छ क्वचितच असते. वाळूची बारीक धूळ आणि समुद्राचा दमटपणा मिळून बऱ्याच दिवशी पंधरा-वीस किलोमीटरच्या पुढचं दुधाळ होऊन जातं. म्हणजे पैसे मोजून घेतलेले ते आठ किलोमीटर त्या दुधातच विरतात.

मग १४८ कशासाठी? गर्दीसाठी. तिथं मोजकी माणसं सोडतात, बसायला जागा असते, सोबत माहिती देणारा माणूस असतो, आणि त्याच तिकिटावर १२५ आणि १२४ ही होतात. ज्यांना रांगेत उभं राहणं जमत नाही त्यांना त्याचा उपयोग आहे. बाकी १२४ चा मोकळा सज्जा नजाऱ्याला पुरेपूर आहे. सहा जणांना १४८ म्हणजे मोठी रक्कम होते, साध्या तिकिटाच्या दुपटीहून जास्त. माझं मत विचाराल तर तेच पैसे पामच्या तिकिटाला लावा.

आणखी एक. बुर्जवर चढलं की दुबईच्या नजाऱ्यात बुर्ज दिसत नाही. हसू नका, खाली उतरल्यावर लोक हीच तक्रार करतात. बुर्जसकट शहर बघायचं असेल तर जबील पार्कातली दुबई फ्रेम बरी, फोटोच्या चौकटीसारखी उभी इमारत आहे ती. उंची १५० मीटर, तिकीट बरंच स्वस्त. बुर्ज तिथून पाच किलोमीटरवर, एका बाजूला उभा दिसतो आणि दुसऱ्या बाजूला जुनी दुबई, देरा-करामा.

---

मोंढा_जालना

तिकिटाचं मी सांगतो.

टूरवाल्याकडून तीन गोष्टी लिहून घ्या: मजला कोणता, तारीख कोणती, स्लॉट किती वाजताचा. पॅकेजमध्ये बहुतेक वेळा सकाळचा किंवा रात्रीचा स्वस्त स्लॉट असतो. दुपारी उशिरापासून सूर्यास्तापर्यंतचे स्लॉट "प्राइम" म्हणून महाग विकतात, आणि "समाविष्ट" या शब्दात ते सहसा बसत नाहीत. फरक भरून बदलून मिळतं का ते निघायच्या आधी विचारा. तिथं पोचल्यावर बदल होत नाही आणि पैसेही परत मिळत नाहीत.

डिसेंबर अखेरीला सूर्य साडेपाच ते पावणेसहाच्या दरम्यान मावळतो. मॉलमधल्या दारापासून तपासणी, रांग, लिफ्ट हे सगळं धरून गर्दीच्या दिवसांत अर्धा-पाऊण तास सहज जातो. म्हणून स्लॉट चारचा घ्या, फार तर सव्वाचारचा. पाचचा घेतला तर सूर्य रांगेतच बुडतो. ही चूक अगदी नेहमीची. वर गेल्यावर घड्याळ लावून कोणी खाली हाकलत नाही, त्यामुळे लवकर गेलात म्हणून बिघडत काही नाही. एकाच तिकिटात उजेडातलं शहर, सूर्यास्त आणि दिवे तिन्ही होतात.

सुट्ट्यांच्या दिवसांत हे स्लॉट आधीच संपतात. दोन-तीन आठवडे आधी घेऊन ठेवा. आणि तिकिटावरची वेळ दुबईची असते, आपल्यापेक्षा दीड तास मागं. मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये घरी बसून नोंद केली तर ती भारताच्या वेळेत पडते आणि तिथं गेल्यावर सरकलेली दिसते, हे ध्यानात ठेवा.

स्वतः बुक करणार असाल तर कार्डावर परदेशी व्यवहार बँकेच्या ॲपमधून आधी चालू करून घ्या. आपल्याकडं ते मुळात बंदच असतात. पैसे भरताना मशीन किंवा वेबसाइट "रुपयांत की दिरहममध्ये" असं विचारते. दिरहमच निवडा. रुपये निवडले की दर त्यांचा लागतो, आणि तो आपल्या बँकेच्या दरापेक्षा महाग पडतो. तीन वर्षांच्या लेकराला १२४ साठी तिकीट लागत नाही, चार वर्षांखाली मोफत आहे. टूरवाल्यानं त्याचे पैसे लावले असतील तर विचारून घ्या बर्का.

३१ डिसेंबरला त्या भागात पायही ठेवू नका. आतषबाजीसाठी आजूबाजूचे रस्ते दुपारपासून टप्प्याटप्प्यानं बंद करतात, जवळचं मेट्रो स्टेशनही संध्याकाळी बंद. म्हातारी माणसं घेऊन तिथं अडकणं म्हणजे आषाढीला पंढरपुरात चप्पल शोधणं.

---

गोदाकाठ (परभणी)

लई उपयोगी माहिती, आभार दोघांचेही. वडिलांच्या चालण्याचं आणि आईच्या गरगरण्याचं कोणी सांगेल का? आणि लिफ्टमध्ये कान दुखतात का हो?

---

शेंगदाणाचटणी

दादा, चालणं मनोऱ्यात नाही, मनोऱ्यापर्यंत आहे. प्रवेश दुबई मॉलमधून आहे, बुर्जच्या स्वतःच्या दारातून नाही. मेट्रोनं गेलात तर स्टेशन ते मॉल हा बंद पूलच आठशे मीटरहून जास्त लांब. सरकते पट्टे आहेत, पण मधे मधे. पूल संपला की मॉल सुरू, बाराशेच्या वर दुकानं असलेला. गुडघेवाल्या माणसाला पंचवीस मिनिटं धरा. त्यापेक्षा टॅक्सीनं थेट मॉलला उतरा आणि उतरताना "ॲट द टॉप"च्या (बुर्जच्या या सज्ज्याचं नाव) प्रवेशाला जवळचं दार कोणतं ते चालकाला विचारा. मॉलला दारं पुष्कळ. चुकीच्या दारानं गेलात की मेट्रोचं वाचलेलं चालणं तिथं भरून निघतं.

वर जाताना जिने चढावे लागत नाहीत. १२४ आणि १२५ च्या मधे जिना आहे, तो टाळायचा असेल तर वडिलांना १२४ वरच थांबवा. मोकळा सज्जा तिथंच आहे, १२५ ला जाऊन फार काही वेगळं दिसत नाही. व्हीलचेअर आत नेता येते. खरी परीक्षा खाली येताना. वर येणारी माणसं स्लॉटनं येतात, उतरणारी मात्र सूर्य बुडाला की सगळी एकदम निघतात. तेव्हा उतरायच्या लिफ्टसमोर मोठी रांग लागते आणि तिथं बसायला काही नसतं. सूर्यास्तानंतर अर्धा-पाऊण तास वरच रेंगाळा, दिवे बघा, पहिली लाट ओसरू द्या.

कानाचं असं आहे की लिफ्ट सेकंदाला दहा मीटर जाते, म्हणजे मिनिटभरात वर. एवढ्या उंचीत हवेचा दाब साधारण पाच टक्क्यांनी कमी होतो. वर जाताना कानातली जादा हवा आपोआप बाहेर पडते, नुसतं "टक" वाजतं. त्रास उतरताना होतो, कारण बाहेरचा दाब वाढतो आणि घशाकडून कानात जाणारी बारीक नळी आपण होऊन उघडत नाही. उतरताना आवंढे गिळत राहा, जांभई द्या. तीन वर्षांच्या लेकराला लिफ्ट सुटायच्या आधी पाण्याचा घोट तोंडात द्या आणि मधे गिळायला सांगा. सर्दी झालेली असेल तर त्याला खालीच ठेवलेलं बरं. नाक दाबून जोरात हवा भरू नका, विशेषतः म्हाताऱ्यांनी.

आईंना गरगरण्याचं कारण बहुधा नजर एकदम पायाशी टाकणं हे असतं. शरीर तोल सांभाळायला जवळच्या स्थिर वस्तूंचा आधार घेतं. काचेजवळ उभं राहून सरळ खाली बघितलं की जवळ काहीच सापडत नाही आणि डोकं गोंधळतं. म्हणून आधी काचेपासून तीन-चार पावलं आत, पाठीला भिंत किंवा खांब, नजर समोर समुद्राच्या रेषेवर. दोन-तीन मिनिटांनी कठड्याला हात लावून पुढं. मग तिरपं लांबचं, आणि खाली बघायचं ते सगळ्यात शेवटी. दुबई फ्रेमच्या माथ्यावरच्या पुलावर जमिनीत काच आहे. ती आधी पांढरट असते आणि पाय ठेवला की पारदर्शक होते. तिथं आईंना कडेच्या घट्ट फरशीवरूनच न्या आणि आधी सांगून ठेवा, नाहीतर अचानक पायाखालची जमीन गेल्यासारखं होतं.

---

लेन्सवाला_लातूर

फोटोत आपलंच तोंड येतं त्याचं कारण सरळ आहे. बाहेर अंधार, आत उजेड, मग काच आरसा होते. आतला उजेड आपल्या हातात नाही, तेव्हा भिंग आणि काच यांच्यामधली फट बंद करायची. मोबाईलचं भिंग काचेला अक्षरशः टेकवा, आणि वरून-बाजूनं तळहाताची ओंजळ करा. काळी ओढणी किंवा गडद जर्किन असेल तर ते भोवती गुंडाळा. पांढरा सदरा घालून जाऊ नका, काचेत सगळ्यात आधी तोच उमटतो. फ्लॅश बंद.

भिंग टेकवलं की आणखी एक फायदा मिळतो. तिपाई वर नेऊ देत नाहीत, पण काचेला दाबून धरलेला मोबाईल तिपाईसारखाच स्थिर राहतो. नाईट मोडला तीन सेकंद लागले तरी फोटो हलत नाही. बटण दाबताना धक्का बसतो म्हणून तीन सेकंदांचा टायमर लावा. साधा एक-पट कॅमेराच वापरा. अतिरुंद भिंगाचा आवाका एवढा मोठा असतो की ओंजळ, काचेची चौकट, शेजारच्याचं कोपर सगळं फोटोत येतं. आणि मोबाईल पुष्कळदा काचेवरच्या धुळीच्या ठिपक्यावरच फोकस धरतो, शहर पुसट येतं. लांबच्या एखाद्या दिव्यावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होऊ द्या, मग काढा.

१२४ च्या मोकळ्या सज्ज्यावर काचांच्या मधे अरुंद फटी ठेवलेल्या आहेत. तिथून काढला तर काचेचा प्रश्नच नाही. पण मनगटाला दोरी बांधल्याशिवाय हात बाहेर काढू नका, आणि नऊ वर्षांच्या पोराच्या हातात तर तिथं मोबाईल द्यायचाच नाही.

आता उजेडाचं, हे कोणी सांगत नाही. डिसेंबरात सूर्य थेट पश्चिमेला मावळत नाही, नैर्ऋत्येकडं सरकलेला असतो. बुर्जवरून पाहिलं तर तो साधारण पाम आणि मरीनाच्या अंगाला बुडतो. जूनमध्ये हाच सूर्य उत्तरेकडं सरकून उघड्या समुद्रात जातो. सूर्याच्या दिशेला बघितलं की धूळ चमकते आणि सगळं दुधाळ होतं. सूर्य पाठीशी असला की तीच हवा स्वच्छ वाटते. मग वर गेल्या गेल्या सगळी गर्दी सूर्याकडं धावते, तेव्हा तुम्ही उलटं ईशान्येला जा, विमानतळ आणि देराच्या बाजूला. तिथं इमारतींवर तिरपं पिवळं ऊन पडलेलं असतं आणि खुद्द बुर्जची सावली शहरावर लांबत जाते. सूर्य क्षितिजापासून दहा अंशांवर असतो तेव्हा, म्हणजे डिसेंबरात सूर्यास्ताच्या पन्नासेक मिनिटं आधी, ८२८ मीटरच्या या मनोऱ्याची सावली साडेचार किलोमीटरच्या पुढं गेलेली असते. शेवटच्या पंधरा मिनिटांत नैर्ऋत्येला या. आणि सूर्य बुडाल्यावर पंधरा ते तीस मिनिटं आकाश गडद निळं असतं, दिवे लागलेले असतात, इमारतींच्या कडाही दिसतात. रात्रीचा फोटो तेव्हाच काढायचा. पूर्ण काळोखात नुसते ठिपके येतात.

बुर्जच्या पायथ्याच्या तळ्यातलं कारंजं वरून बघायची हौस असेल तर एकदा बघा आणि सोडा. पायाशी असल्यामुळं वरून नुसत्या हलत्या रेघा दिसतात, गाणं ऐकू येत नाही. ते खाली तळ्याच्या काठावरूनच बघायचं.

---

देवगिरीचा_पोर

कामून एवढा हिशेब करता राव, आपला देवगिरी चढा, फुकटात पाय मोकळे :)

गंमत सोडा. बालाघाट यांनी पामचं जे सांगितलं त्याचा अंदाज घरबसल्या घ्यायचा तर देवगिरीच्या बारादरीवरून संभाजीनगरकडं बघा. बीबी का मकबरा तिथून सरळ रेषेत बाराएक किलोमीटर. उन्हाळ्यात मकबरा शोधावा लागतो, आणि दसऱ्याच्या सुमारास पाऊस उघडल्यावर हवा धुऊन निघते तेव्हा पांढरा ठिपका लगेच नजरेत भरतो. किल्ला तोच, पायऱ्या त्याच. पाम तर याहून चार-पाच किलोमीटर लांब.

तिथली हवा त्या दिवशी हॉटेलातून निघायच्या आधी ओळखायची तर विमानतळाचा हवामान अहवाल बघा, मेटार म्हणतात त्याला. दुबईचा कोड ओएमडीबी. त्यात दृश्यमानता चार आकड्यांत मीटरमध्ये लिहिलेली असते. ९९९९ म्हणजे दहा किलोमीटर किंवा त्याहून जास्त, मस्त. ५००० च्या खाली असेल तर लांबचं काही दिसायचं नाही. शेजारी एचझेड म्हणजे धूसरपणा, डीयू म्हणजे धूळ, एफजी म्हणजे धुकं. हिवाळ्यात धुकं पहाटेच पडतं आणि ऊन चढलं की वितळतं, तुमच्या चारच्या स्लॉटला त्याची भीती नाही. तिकीट बदलता येत नसलं तरी याचा उपयोग आहे: हवा खराब असेल तर लांबचा नाद सोडून पायाखालचं शहर बघायचं, शेख झायेद रस्त्याच्या दुतर्फा उभी इमारतींची रांग. ती जवळ आहे, धुळीतही दिसते.

आणि लेकरांना सांगायला एक गोष्ट. वर सूर्य उशिरा मावळतो. २०११ मध्ये दुबईच्या मुफ्तींनी बुर्जमधल्या रहिवाशांना सांगितलं होतं की रमजानात ८० मजल्यांच्या वरच्यांनी रोजा दोन मिनिटं उशिरा सोडावा आणि १५० च्या वरच्यांनी तीन मिनिटं. १२४ वर तुमचा सूर्यही खालच्यापेक्षा दोन-तीन मिनिटं जादा टिकेल.

---

गोदाकाठ (परभणी)

टूरवाल्याला फोन केला. पॅकेजमध्ये १२४-१२५ आहे, स्लॉट रात्री साडेआठचा! आणि धाकट्याचे पैसेही लावलेले. आता फरक भरून २७ तारखेचा चारचा मागितलाय, १४८ चा विषय बंद. २८ ला पामवर. फ्रेमचं आई म्हणेल तसं. पामला पण सूर्यास्तच धरायचा का?

---

बालाघाट

नको. पामला सकाळी दहा-अकरा किंवा दुपार. पानांची रांग ओळखू येते ती वाळू आणि पाण्याच्या रंगातल्या फरकानं, त्याला वरून पडणारं ऊन लागतं. संध्याकाळी पाणी एकसारखं चकाकतं आणि झाड पुन्हा गायब.

---

मोंढा_जालना

टूरवाल्याकडून नवीन तिकीट क्यूआर कोडसकट मोबाईलवर मागवून घ्या, नुसत्या "झालंय दादा"वर जाऊ नका. सहा जणांची नावं आणि धाकट्याची शून्य रक्कम त्यात दिसली पाहिजे.